डोंगरे मॅडमचे बुधवार

डोंगरे मॅडम कोणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी पाणी मागत. तहान लागलेली असो वा नसो. घर तक्रार करणाऱ्याचं असो की ज्याच्याविरुद्ध तक्रार आली त्याचं, त्यात फरक नव्हता. दाराशी उभं राहून छत्री मिटायची, पदराने मान पुसायची आणि म्हणायचं, "घोटभर पानी द्या जी." पाणी आलं की त्या आधी गडव्याकडे, म्हणजे पाण्याच्या भांड्याकडे पाहत. ते घरच्यांच्या रोजच्या वापरातलं आहे, पाहुण्यांसाठीचं आहे, की मागच्या भिंतीच्या कोनाड्यात वेगळं ठेवलेलं आहे, हे त्यांना लगेच कळायचं. मग त्या पाणी पीत किंवा नुसतं हातात धरून ठेवत, आणि कामाचं बोलायला लागत.

"तोंड काय बी बोलते, पोरी," परत येताना त्या मला सांगत. "मी गडवा पायतो."

आमच्या झाडीपट्टीत बायासुद्धा 'मी जातो, मी पाहतो' असंच बोलतात. मॅडम नागपूरला शिकलेल्या होत्या, सरकारी नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या, सभेत पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलू शकत होत्या. पण सभा संपली की त्यांची बोली परत यायची. शुद्ध भाषेत बोलल्या म्हणजे त्यांना राग आलेला आहे, हे मला पुढे समजलं.

गोंदियात तेव्हा एक शहर समता समिती होती. काही वकील, प्राध्यापक आणि निवृत्त माणसांनी मिळून ती चालवली होती. बाजारातल्या एका सायकलच्या दुकानावर तिची खोली होती. कोणाला जातीवरून नाकारलं, भाषेवरून हिणवलं, आडनाव ऐकून दार लावून घेतलं, तर तो माणूस त्या लाकडी जिन्याने वर यायचा. शहराची समिती असली तरी माणसं तालुक्यातालुक्यांतून येत. समिती सरकारी नव्हती, तिच्या हातात कोणताही अधिकार नव्हता. तरी लोक तिला 'आयोग' म्हणत आणि मॅडमना 'आयोगवाली बाई'. मॅडम दर वेळी दुरुस्ती करत. "आयोग नाही बापू, समिती. आयोगाच्या हातात शिक्का रायते. आमच्या हातात निस्ती छत्री."

मी गोंदियाजवळच्या मुर्री गावची. वडील गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये हमाली करत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, टायपिंग शिकले, आणि समितीला टायपिस्ट पाहिजे असं कळलं म्हणून गेले. मार्कलिस्ट प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून नेली होती. मॅडम तेव्हा समितीच्या सचिव होत्या. त्यांनी मार्कलिस्ट पाहिली नाही. विचारलं, "तुमच्या घरी पानी प्यायले कोन कोन येते?"

मी म्हटलं, "आमच्या घरी कोनी मांगतच नाही जी."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून ये. पुढच्याच रविवारी त्या मुर्रीला आमच्या घरी आल्या आणि दारात उभं राहून त्यांनी पाणी मागितलं. माझ्या आईची धांदल उडाली. आजही आईला डोंगरे मॅडम म्हटलं की तेवढंच आठवतं.

मॅडम बुटक्या होत्या, चष्मा जाड भिंगाचा, आणि चालणं इतकं भरभर की मी विशीतली असून मागे पडायची. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नर्स म्हणून काढली होती, बरीचशी दरेकशाच्या बाजूला, जंगलातल्या गावांत. तिथे त्या कामापुरती गोंडी शिकल्या, छत्तीसगढी शिकल्या. नर्सपणा त्यांच्या हातातून गेला नव्हता. तक्रार सांगायला आलेल्या माणसाचं मनगट त्या धरत आणि मनगट धरूनच ऐकत. कोणी रडायला लागलं की म्हणत, "आधी रडून घे, मंग सांग. दोन्ही संगं केलं तं मले काई समजत नाही." हे ऐकून रडणारं माणूस बहुतेक वेळा हसायचं. राग आला की त्या पेन्सिल तासत. कोणावर ओरडल्याचं मी पाहिलं नाही, पण समितीच्या पेन्सिली फार लवकर संपत.

पाणी मागायची ही सवय कुठून लागली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दरेकशाच्या स्टेशनवर आम्ही पॅसेंजरची वाट पाहत बसलो होतो. फलाटावर आम्ही आणि मोळ्या घेतलेल्या चार बाया, एवढेच. मॅडम म्हणाल्या, नवीन नोकरीत असताना त्यांनी एका मोठ्या कास्तकाराच्या सुनेचं बाळंतपण केलं होतं. अवघड होतं. बाळ पायाळू. आई वाचली, बाळ वाचलं. मग घरातल्या म्हातारीने चहा केला आणि मॅडमसाठी कप आणला तो बाहेर, वळचणीला खोचलेला. कान तुटलेला. जाळं पुसून त्यात चहा ओतला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मी पेलो. थकलो होतो. आनं चहा चांगला होता."

त्यांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी नाही म्हनलं असतं, तं माझ्या मागून आलेल्या नर्सले घरातला कप भेटला असता. तिले बी तोच भेटला. मी विचारलं होतं तिले."

शहरातलं काम वेगळं होतं. तिथे कोनाडे आणि वळचणी नसत, गोड बोलणं असे. भंडाऱ्याहून बदलून आलेला एक तरुण शिक्षक आमच्याकडे आला. एका कॉलनीत त्याला खोली पसंत पडली, मालकालाही तो पसंत पडला, आणि आडनाव सांगितल्यावर खोली आधीच दुसऱ्याला दिलेली निघाली. मॅडम स्वतः किरायेदार म्हणून गेल्या. मी त्यांची भाची झाले. घरमालक सभ्य माणूस. त्यांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि विचारलं, "आप लोग कौन?"

"नर्स थी. अब रिटायर."

"वो तो ठीक है. वैसे कौन?"

"वैसे भी नर्स."

मला हसू आवरेना. मालकांनी आडनाव विचारलं. डोंगरे हे आडनाव आमच्याकडे चार प्रकारच्या लोकांत असतं, त्यामुळे त्यांचा हिशोब लागला नाही. गाव विचारलं, मॅडमने नागपूर सांगितलं. शेवटी ते म्हणाले, कल बताता हूं. दुसऱ्या दिवशी ती खोली आम्हालाही मिळाली नाही. पण 'किराये से देना है' ही पाटी तशीच लटकत राहिली. त्या रस्त्याने जाताना मॅडम दर वेळी फाटकाशी थांबत आणि आपुलकीने विचारत, "भैया, किरायेदार मिला क्या?" सुरुवातीला तो माणूस हसायचा. मग मान खाली घालायला लागला. मग एक दिवस पाटी निघाली. खोलीला कुलूप तसंच होतं.

मला वाटलं आपण त्याला लाजवलं. मॅडमना तसं वाटलं नाही. शिक्षकाला शेवटी आपल्याच लोकांच्या मोहल्ल्यात खोली घ्यावी लागली होती. "त्याले ती खोली भेटली काय? नाही ना? मंग हारलो," त्या म्हणाल्या. हारलो हा शब्द त्या सहज वापरत. समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे वकील साहेबांना, तो आवडत नसे. ते म्हणत की सचिवच असं बोलायला लागले तर लोक वर कशाला चढतील.

वकील साहेबांबद्दल इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून त्यांच्याबद्दल चुकीचं मत होईल. ते हिंदी बोलणारे, गोंदियातलेच. गरिबांचे खटले त्यांनी फुकट चालवले होते. तरुणपणी एका गावातल्या भांडणात जळालेली घरं त्यांनी पाहिली होती, आणि तेव्हापासून त्यांना एकाच गोष्टीची भीती होती, की आपण न्याय मागायला जाऊ आणि मागे राख ठेवून येऊ. म्हणून समितीची एक पद्धत त्यांनी पाडली होती. तिला आम्ही 'मेळ' म्हणत असू. दोन्ही बाजूंना बसवायचं, तोडगा काढायचा, आणि शेवटी सगळ्या गावाने समितीसोबत एका पंगतीत जेवायचं. जेवण झालं, फोटो निघाला, की प्रकरण मिटलं. या पद्धतीने बरीच भांडणं खरोखर मिटली होती. मॅडमचाही पंगतीवर विश्वास होता. एका पंगतीत जेवलेलं माणूस सहज विसरत नाही, असं त्या म्हणत.

सडक अर्जुनीच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की एक गाव लागतं. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण यातली माणसं अजून तिथेच राहतात. गावाला मोठा तलाव आहे, तिथल्या कास्तकारांच्या पूर्वजांनी बांधलेला, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. तलावाच्या पाळीखाली बौद्धांची टोली. तिथली शेवंता नावाची बाई शाळेत मुलांची खिचडी रांधायला लागली. सरकारी पोषण आहार नुकताच शाळांतून शिजायला लागला होता. शेवंताचा नवरा रायपूरकडे कामाला जायचा, घरी दोन मुलं. तिने चूल पेटवली आणि दोनच दिवसांत गावातली मुलं घरून डबे आणायला लागली. कोणाच्या पोटात दुखायला लागलं, कोणाला खिचडी आवडेनाशी झाली. हेडसर घाबरट माणूस. त्यांनी शेवंताला सांगितलं, तूच काम सोड, म्हणजे कोणाचं नाव येणार नाही. शेवंताने काम सोडलं नाही. ती गोंदियाला आली आणि जिना चढून वर आली.

समिती गावात गेली. गावचे मोठे कास्तकार, ज्यांना सगळे बापूजी म्हणत, त्यांच्या अंगणात बैठक झाली. बापूजी खूप समजूतदारपणे बोलले. बाईला काढायचं नाही हे त्यांनी मान्य केलं. तिचं मानधन चालू राहील, तिचा अपमान होणार नाही, असा शब्द दिला. वकील साहेबांनी पंगतीचा दिवस ठरवला.

त्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव होता. बापूजींनी स्वतः शेवंताला नवीन लुगडं आणि नारळ दिला. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवून तिला मॅडमच्या शेजारी बसवलं. पेपरवाले आले होते. मग सगळं गाव एका पंगतीत जेवलं, शेवंताच्या एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला बापूजी. मॅडमचा चष्मा ओला झालेला मी पाहिला. त्या दिवशी त्यांनी कोणाकडे पाणी मागितलं नाही. आल्याआल्या सरबत पुढे आलं होतं.

पावसाळा संपता संपता शेवंता पुन्हा जिना चढून आली. अंगावर तेच नवीन लुगडं. मॅडमने तिचं मनगट धरलं.

"मले खुर्ची देली बाई," शेवंता म्हणाली.

"कायची खुर्ची?"

"साळेतली. रांधनघराच्या बाहीर. सरस्वता रांधते, मी बसतो. चुलीजवळ गेलो तं म्हनतात, तुमी बसा, तुमचा मान आहे."

"मानधन?"

"भेटते. लोकं म्हनतात, बसून पैसा भेटते तरी हे रडते कायले."

मॅडमने पेन्सिल उचलली. थोडी तासली. मग हात थांबला. त्यांनी विचारलं, पंगतीच्या दिवशी रांधलं कोणी? शेवंता म्हणाली, हायवेवरच्या ढाब्यातून आचारी आणला होता. तिने सकाळी चूल पेटवायला हात घातला तेव्हा बापूजींच्या घरच्या बायांनी तिला हाताला धरून नेलं, लुगडं नेसवलं आणि खुर्चीवर बसवलं. तिला वाटलं, हे समितीला माहीत असेल.

मॅडमने पेन्सिल खाली ठेवली.

"आनं मी जेवलो," त्या म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत त्यांनी प्रकरण पुन्हा उघडायला सांगितलं. वकील साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, गावाने दिलेला शब्द पाळलाय. "उसको मानधन मिल रहा है, मान मिल रहा है. मॅडम, अब और क्या चाहिए?"

"काम," मॅडम म्हणाल्या. मग शुद्ध मराठीत म्हणाल्या, "तिला बसवून ठेवण्यासाठी आपण मांडव घातला होता, साहेब."

इतर सभासदांना वकील साहेबांचं म्हणणं पटलं. शांत झालेलं गाव ढवळायचं नाही असं ठरलं. मॅडमने वाद घातला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की बुधवारी त्या समितीच्या कामाला येणार नाहीत, त्यांचं खाजगी काम असतं.

दर बुधवारी त्या सकाळच्या एसटीने सडक अर्जुनीला जात, तिथून काळीपिवळी जीपने गावात. शाळेच्या व्हरांड्यात शेवंताच्या खुर्चीशेजारी सतरंजीवर बसत. मीही बरेचदा सोबत गेले. हेडसरांनी विचारलं, कशासाठी आलात? मॅडम म्हणाल्या, बसायला. पहिल्या दिवशी त्यांनी शेवंताला खुर्चीवरून खाली बोलावलं आणि तांदळाचं सूप पुढे ओढलं. दोघी खडे निवडायला लागल्या. रांधणारी सरस्वता दारात येऊन पाहून गेली.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की मॅडम काहीतरी तपासत आहेत. कोरडा तांदूळ शेवंताने निवडला तर चालत होतं. डाळ पाखडली तर चालत होतं. कांदे चिरले तरी कोणी काही म्हणत नव्हतं. "पानी लागलं की बाटते," मॅडम मला हळूच म्हणाल्या. "रेघ तिथं आहे."

एका बुधवारी त्यांनी शेवंताला तांदूळ धुवायला सांगितला. शेवंता पातेलं घेऊन हातपंपावर गेली. मी हापसलं, तिने तांदूळ धुतला, तीनदा पाणी बदललं आणि पातेलं आणून रांधणघराच्या उंबऱ्यावर ठेवलं. सरस्वता चुलीपाशी होती. आधण उकळत होतं. तिने पातेल्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. ती बापूजींच्या भावकीतली, पण तिचा नवरा बापूजींच्याच शेतावर सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा. राहतं घरही त्यांच्याच जागेत. तिने तो तांदूळ फेकला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. तिने हात पदराला पुसले, पातेलं उचललं आणि तांदूळ आधणात सोडला.

त्या दिवशी सगळ्या शाळेने ती खिचडी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. शेवंता धुवायची, सरस्वता शिजवायची. दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या. शेवंताला फोडणीची सरस्वतापेक्षा चांगली जाण होती, ती उंबऱ्याबाहेरून सांगायची, "आता हळद टाक वो." गावात कोणाला कळलं नाही. मला फार आनंद झाला होता. मॅडमना किती झाला होता ते सांगता येत नाही, पण परतीच्या एसटीत त्या खिडकीला डोकं टेकून झोपायच्या, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

शेवंताला मात्र ते पुरेना. "हे चोरून कायले करावं बाई?" तिने एकदा विचारलं. "मी चोर आहो काय?" मॅडम म्हणाल्या, थोडं थांब. किती थांबायचं, असं शेवंताने विचारलं. त्या म्हणाल्या, "मले बी मालूम नाही. तुले वाटन तवा उठ. मी आहो."

ती उठली तो बुधवारच होता. मुलं ओळीत बसली होती, ताटल्या पुढे. शेवंता खुर्चीवरून उठली, रांधणघरात गेली, पळी आणि पातेलं घेऊन बाहेर आली आणि पहिल्या ताटलीत खिचडी वाढली. सरस्वता दारात उभी राहिली. मोठ्या वर्गातली काही मुलं एकमेकांकडे पाहून उठली. लहान मुलांना काय करावं कळेना. काहींनी खायला सुरुवात केली, काही ताटली धरून बसून राहिली. मॅडम ओळीच्या टोकाला मांडी घालून बसल्या आणि त्यांनीही ताटली पुढे केली.

उठून गेलेल्या मुलांनी गावात सांगितलं. बापूजी आले, सोबत आठदहा माणसं. कोणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. बापूजी मॅडमसमोर उभे राहिले. ते म्हणाले, आम्ही तुमचा शब्द पाळला. बाईला काढलं नाही, मान दिला. तिच्या हातचं खायचं असं कुठे ठरलं होतं? मॅडम म्हणाल्या, मान नको होता, काम पाहिजे होतं. बापूजी म्हणाले, काम दिलं असतं तर पोरं उपाशी राहिली असती.

मग ते थोडं पुढे झाले. "आमच्या पोरांनी इतक्या दिवसांत हिच्या हातचा एक घास तरी खाल्ला काय? नाही खाल्ला. कोनी उपाशी मेलं काय? मंग हे कायले सुरू करता मॅडम? बोला ना. खाल्ला काय एक तरी घास?"

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. शेवंताच्याही आलं असणार. गेले कितीतरी दिवस त्यांची पोरं, नातवंडं शेवंताने धुतलेल्या तांदळाची खिचडी खात होती आणि कोणालाही काही झालं नव्हतं. एवढं बोललं असतं की बापूजींचं सगळं बोलणं संपत होतं. मॅडमने मान वळवली. रांधणघराच्या दारात सरस्वता चौकट धरून उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

मॅडम पुन्हा बापूजींकडे वळल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही खाल्ला."

"मंग झालं तं," बापूजी म्हणाले.

शेवंताने पळी पातेल्यात ठेवली.

काळीपिवळीपर्यंत आम्ही चालत आलो तेव्हा मॅडम पहिल्यांदाच माझ्या मागे पडल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "तिचा नवरा सालदार आहे. आज सांगितलं असतं तं उद्या तिची चूल गेली असती, घर गेलं असतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पन खोटं बोललो मी. त्यायच्या बाजूनं खोटं बोललो." शेवंता धावत मागून आली. तिला वाटलं असेल की मॅडम रडत आहेत. तिने मॅडमची छत्री आपल्या हातात घेतली आणि गाडी येईपर्यंत उघडून धरली. म्हणाली, "बरं केलं जी. तिले बी लेकरं आहेत." मॅडमने तिचं मनगट धरलं आणि गाडी येईपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या सत्रात खिचडीचं काम गावातल्या बायांच्या एका बचत गटाला दिलं गेलं. त्या गटात सरस्वता होती, शेवंता नव्हती. कागदोपत्री सगळं नियमात होतं, समितीला बोट ठेवायला जागा नव्हती. वकील साहेबांना ते कळल्यावर ते म्हणाले, मॅडम, मैं गलत था. मॅडम म्हणाल्या, "तुमी बी, मी बी." त्यानंतर समिती काही वर्षं चालली, पण 'मेळ' आम्ही फारसा घातला नाही. शेवंता हायवेवरच्या एका ढाब्यात पोळ्या लाटायला लागली. तिथे ट्रकवाले तिच्या हातचं आवडीने खातात असं मी मॅडमना आनंदाने सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "खाऊ दे. पन गावानं नाही खाल्लं ना."

स्पर्धा परीक्षेचे फॉर्म त्याच मला भरायला लावत. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी मला सुट्टी दिली, आपल्या घरी ठेवून घेतलं, पहाटे उठवलं. मी ग्रामसेवक झाले ती त्यांच्यामुळे. नेमणूक दूर गडचिरोलीकडे झाली. ऑर्डर हातात आली तो बुधवार होता आणि मॅडम अजूनही दर बुधवारी तिथे जात, म्हणून पेढे घेऊन मी त्या गावालाच गेले. आता एसटी थेट गावापर्यंत यायला लागली होती, शाळेसमोर वळून परत जायची.

मॅडम शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसल्या होत्या. शेजारी ती खुर्ची, रिकामी. तिच्यावर त्या कधी बसल्या नाहीत. गुडघे दुखत होते तरी खालीच बसायच्या. पेढा खाल्ला, माझ्या गालावरून हात फिरवला, आईला काय वाटलं ते विचारलं. समोर मुलं ओळीत जेवत होती. सरस्वता एक ताटली भरून घेऊन आली आणि मॅडमच्या हातात दिली. मॅडमने ताटली मांडीवर ठेवली. विचारलं, "शेवंताले कवा बलावता?" सरस्वताने बापूजींच्या घराच्या दिशेला पाहिलं आणि ती आत गेली.

एसटीने हॉर्न दिला. मी म्हटलं, चला मॅडम, ही गेली की संध्याकाळपर्यंत गाडी नाही.

"तू जाय," त्या म्हणाल्या. "मले हेडसरले भेटाचं आहे. शेवंताचं विचाराचं आहे."

"मागच्या बुधवारी विचारलं होतं ना तुम्ही?"

"तवा नाही म्हनले ते. आज विचारून पायतो."

मी त्यांच्या पाया पडले आणि धावत गाडीत चढले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या नागपूरला मुलीकडे वारल्याचं मला गडचिरोलीत उशिरा कळलं. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून मी पाहिलं. मुलं जेवून उठली होती, हातपंपावर ताटल्या धुण्याची गडबड चालली होती. हेडसर ऑफिसच्या दारात येऊन पुन्हा आत गेले. मॅडम तशाच बसल्या होत्या, ताटलीतल्या खिचडीला हात न लावता, त्या दाराकडे पाहत.